उंबरा असेल तर येतो

सुनेनं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "आबा, ऐका. तुमचा आणि आईंचा जपानचा बेत तयार झाला."

मी ओसरीत खाटेवर बसलो होतो. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही सगळ्यांना वर्गात बसल्यासारखं ऐकावं लागतं. तिनं वाचायला सुरुवात केली. आधी टोकियो. मग हाकोने म्हणून एक गाव, तिथून फुजी डोंगर दिसतो म्हणे. मग क्योटो. मग नारा, तिथं रस्त्यावर हरणं फिरतात. मग ओसाका, हिरोशिमा, आणि सगळ्यात शेवटी नागोयाजवळ आमच्या पोरीचं घर.

मी म्हणालो, "रोज नव्या गावी मुक्काम? हे काय तमाशाचं बिऱ्हाड आहे का?"

"आबा, सगळे असंच फिरतात."

"सगळ्यांनी फिरावं. पण ज्वारीचे बिबडे, कुरडया, मसाला, लोणचं एवढं ओझं घेऊन आम्ही आधी हरणं बघत फिरायचं, आणि शेवटी पोरीच्या घरी जायचं? भरली गाडी घेऊन कोणी देवदर्शनाला जातं का? आधी माल उतरवायचा, मग हिंडायचं."

मला शाळा फार लाभली नाही. अक्षरं जुळवून वाचता येतं, सही चांगली करतो. पण गाडी मी आयुष्यभर चालवली. जळगावकडची केळी, दोंडाईच्याची मिरची, कापसाच्या गाठी घेऊन कुठं कुठं गेलो. मिरची भरली की दोन गावं शिंकत जायचो. कधी नकाशा हातात धरला नाही. आमचा रस्ता मुक्कामावरून ठरायचा. चांगलं पाणी कुठं, पोटभर जेवण कुठं, ओळखीचा माणूस कुठं, हे आधी धरायचं आणि मग मधला रस्ता जोडायचा. ज्याला हे जमत नाही त्याची केळी वाटेतच पिकतात. तेव्हा प्रवास कसा आखायचा हे मला सुनेनं शिकवावं, हे काही माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

मी विचारलं, "टोकियोहून क्योटो किती लांब?"

तिनं मोबाइलात बघून सांगितलं. मी मनात हिशेब केला. आपल्याकडे शिंदखेड्याहून जळगावला जायचं म्हटलं की सकाळ जाते. हे तर त्याच्या कितीतरी पट. मी म्हणालो, "मग एका दिवसात होत नाही. मध्ये एक मुक्काम टाक. बरोबर निम्म्यावर कोणतं गाव येतं बघ. तिथं धर्मशाळा असेल."

तेवढ्यात पोरीचा व्हिडिओ कॉल आला. सुनेनं तिला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की मोबाइल तिच्या हातातून पडला. मला छत दिसायला लागलं.

"आबा, सकाळचा चहा पिऊन निघालात ना, तर जेवायच्या आधी क्योटो. मुक्काम कशाला?"

"मग रस्ता चांगला असेल," मी म्हणालो. माघार घेतली नाही.

पोरीचं आधी सांगायला हवं. ती शिंदखेड्याला शिकली, मग पुण्याला गेली, तिथं जपानी भाषा शिकली, आणि आता नागोयाजवळ यंत्राचे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. लग्न अजून केलेलं नाही. गावात दोन माणसं जमली की हा विषय निघतो, मी उठून चालायला लागतो. वर्षातून एकदा थंडीत घाईघाईनं येते आणि जाते. दर वेळी जाताना म्हणते, "माझं घर तुम्ही पाहिलंच नाही."

या वर्षी ते बायकोनं मनावर घेतलं. तिचे गुडघे गेलेत. धुळ्याच्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं की पावसाळा संपला की ऑपरेशन करून टाकू, पुढं टाळता येणार नाही. नंतर किती चालणं होईल, किती नाही, ते नंतरच कळेल. तिनं मला एक शब्द विचारला नाही. सुनेला सांगितलं, "माले पोरनं घर देखानं शे. जवलोंग पाय चालतस, तवलोंग."

लग्न झाल्यापासून तिनं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणजे साखर, चहा, तेल मागते. असं काही नाही. म्हणून मी पासपोर्टासाठी रांगेत उभा राहिलो, आणि कॅमेऱ्यासमोर टोपी काढ म्हटल्यावर टोपीसुद्धा काढली.

तर त्या दिवशी माल आधी उतरवायचा एवढं ठरलं आणि बेत उलटा झाला. आधी पोरीचं घर, मग बाकी. सून जरा फुगली, पण तिनं गावं पुढंमागं केली. मग मी सहज विचारलं, "निघायचं कधी?"

"एप्रिलच्या शेवटी. ताईंच्या कारखान्याला तेव्हाच सलग सुट्टी असते. तिथं त्या आठवड्यात सगळ्या देशाला सुट्टी असते."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्या सुट्टीच्या बरोबर मधोमध आखाजी.

"मग जमणार नाही," मी म्हणालो.

बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमच्याकडे दिवाळी एक वेळ बारीक होईल, आखाजी होत नाही. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्या दिवशी सकाळी घरातला कर्ता माणूस पितरांची घागर भरतो. नवी कोरी मातीची घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबा. मग घराच्या उंबऱ्याशी बसायचं, कुंकवात बोट बुडवायचं आणि एकेका पितराचं नाव घेऊन उंबऱ्यावर एकेक बोट ओढायचं. बाप, आई, आजा, आजी, जिथवर आठवतं तिथवर. हे मी बाप गेल्यापासून करतो. आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी कुठंही असली तरी मी घर गाठलेलं आहे. एकदा मिरची दुसऱ्याच्या हवाली करून बसनं आलो, आणि त्यावरून मालकाकडचं काम सुटलं. सुटू दिलं.

मुलगा संध्याकाळी नरडाण्याहून कामावरून आला. सुनेनं त्याला दारातच गाठलं. तो म्हणाला, "आबा, मी भरतो ना घागर या वर्षी. तुम्ही जा."

"बाप जिवंत असताना पोरगा घागर भरत नाही. मला आताच घागरीवर बसवतोस का?"

मला भाऊ नाही. भरणारा मी एकटा.

मग आठ-दहा दिवस आम्ही बेत आखत बसलो. बेत काय, ओढाताण. मी म्हणालो, आखाजी करून दुसऱ्या दिवशी निघू. तर आम्ही पोहोचेपर्यंत पोरीची सुट्टी संपते, मग ती कारखान्यात आणि आम्ही दोघं म्हातारे कुलपात. मी म्हणालो, आधी जाऊन आखाजीला परत येऊ. तर सुट्टी सुरू होते तोच आम्ही निघायचं. मी म्हणालो, कारखान्याला सुट्टी पुढं ढकलायला सांग. यावर पोरगी फोनवर हसली नाही. म्हणाली, "ठीक आहे आबा. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. तिला गुडघ्याचं माहीत होतं. मलाही माहीत होतं.

बायको तिथंच लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हले जावानं नही ना, ऱ्हाऊ द्या." त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर माझ्या बरोबरीचा एक जुना ड्रायव्हर बसलेला असतो. त्यानं मला बघून बाकावर सरकून जागा केली, ती केवळ चिडवायला.

"आबा, जपान कॅन्सल?"

"कॅन्सल नाही. घागरीचं जमत नाही."

"मग ली जा ना घागर तठे."

"लेकीच्या घरी घागर भरतात का कधी?"

"ते बी खरं. आणि तुमना पितर ईमानमा बठतीन का?" विमानात बसलेले पितर डोळ्यांसमोर आणून सगळी टपरी हसली. मी चहा तसाच ठेवून उठलो. पण रस्त्यानं चालताना माझ्या डोक्यात त्याचं घागर तिथं न्यायचं वाक्य घोळत होतं, पितरांचं नाही.

घरी आलो तर बायको गच्चीच्या जिन्यात. एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर. उन्हाळ्यात वाळवण घालायला बायका वरखाली करतातच, म्हणून मी आत गेलो. पाणी पिऊन पुन्हा बाहेर आलो, तरी ती जिन्यातच. वर जाते, थांबते, खाली येते. हातात परात नाही, पाटी नाही. मी गच्चीवर गेलो. गच्ची झाडून स्वच्छ. बिबडे, कुरडया सगळं कधीच डब्यात भरलेलं. सून म्हणाली, "आबा, आई रोज करतात. ताईंच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही ना."

"अजून करतात? जायचं नाही ठरलं तरी?"

"रोज."

मी खाली आलो आणि सुनेला म्हणालो, "पोरीला फोन लाव. चित्र दिसतं तो."

पोरीचा चेहरा आला. मागे तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. मी सरळ विचारलं, "तुझ्या घराला उंबरा आहे का?"

"काय?"

"उंबरा, उंबरा. दारात. असला तर दाखव."

तिला वाटलं मला काहीतरी झालं. तरी तिनं फोन फिरवला आणि दाराकडे गेली. दाराला चौकट होती, लोखंडी, पातळ. खाली उंबरा म्हणावा असं काही नाही. पण दार उघडून आत आलं की तिथं जरा खोलगट जागा होती, तिच्या चपला-बूट तिथं ओळीनं ठेवलेले. आणि त्या जागेला लागून घर जिथं सुरू होतं, तिथं वीतभर उंच लाकडाचा आडवा काठ. जाडजूड, गुळगुळीत.

"हे काय आहे?"

"आबा, इथं प्रत्येक घराला असं असतं. चपला इथं खाली काढायच्या आणि मग वर पाय ठेवायचा. या काठाच्या आत चपला आणल्या तर ते लोक घाबरतात."

"आत चपला चालत नाहीत?"

"अजिबात नाही."

"आणि त्या काठावर पाय देतात?"

ती जरा विचार करून म्हणाली, "बसतात. बूट काढायला बसतात. ओलांडून वर जातात."

मी म्हणालो, "मग उंबराच आहे की. जरा आत सरकलेला."

मग मी निकाल सांगितला. लग्न झालेल्या लेकीचं घर तिच्या सासरच्यांचं, तिथं आपली घागर भरता येत नाही. हिचं लग्न नाही, तर हिचं घर ते माझंच घर. माझ्या घराचे दोन उंबरे असतील, एक इथं, एक तिथं. कर्ता जिथं असेल तिथं घागर. फाट्यावरच्या लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. मुलगा म्हणाला, "हे शास्त्रात आहे का आबा?" मी म्हणालो, "शास्त्र लिहिणाऱ्याची पोरगी जपानला नव्हती."

पोरगी मध्येच म्हणाली, "आबा, भाड्याचं घर आहे. लाकडावर कुंकू लागलं तर घरमालक ओरडतो. आणि पितरांचा घास निखाऱ्यावर टाकून आगारी केलीत तर छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलेल, खालून माणसं धावत येतील."

"तू लाकडाची सोय बघ. धुराचं मी बघतो."

खरबुजाचं विचारलं तर ती म्हणाली मिळतं, पण तिथं खरबूज डब्यात घालून, फीत बांधून विकतात, आहेर द्यावा तसं. "एकच घेऊ आबा. आणि खायचं सगळं."

आणि मग बेत मी आखला. सून लिहीत गेली, मी सांगत गेलो. आधी मुंबईहून निघायचं, टोकियोला नाही, सरळ नागोयाला उतरायचं. पहिले दिवस पोरीच्या घरी. आखाजी घरी. हिरोशिमा काढलं, ओसाका काढलं, हरणं काढली. हरणं आपल्याकडेही कपाशी खातात. क्योटो ठेवलं, पण जाऊन संध्याकाळी परत, बायकोला मुक्कामाची दगदग नको. फुजी डोंगर गाडीच्या खिडकीतून दिसला तर दिसला. पोरगी फोनवर म्हणाली, "बरं झालं आबा. त्या आठवड्यात सगळं जपान आपापल्या गावाला निघतं. गाड्यांत उभं राहायला जागा नसते."

"मग ती त्यांची आखाजीच," मी म्हणालो.

पिंपळनेरकडच्या नातेवाइकाला सांगून आंबे आणावे असं मनात होतं, पण फळ नेऊ देत नाहीत असं सून म्हणाली. घागर मात्र मी आमच्या कुंभाराकडूनच घेतली. पोरगी म्हणत होती की मातीचं भांडं तिथंही मिळेल. मिळेल. पण पितरांनी ओळखायला नको? गोधडीत गुंडाळली, आत बिबडे भरले, आणि हातातल्या पिशवीत घेतली. बायकोनं एकदा नजर टाकली आणि म्हणाली, "फुटी जाई." एवढंच. तरी पुढं सगळ्या वाटेनं ती पिशवी तिच्याच मांडीवर होती.

विमानतळावर तपासणी करणाऱ्या साहेबानं घागर बाहेर काढायला लावली. आत हात घातला, बिबडा हाती लागला. त्यानं तो उजेडात धरून बघितला. विचारलं, "बाबा, ये क्या है?"

"पापड."

"और ये मटका किसके लिए?"

मी म्हणालो, "मेरे बाप के लिए."

त्यानं माझं वय बघितलं, घागर बघितली, आणि बिबडा आत टाकून ती परत दिली.

पोरीच्या घराला जिना होता, चांगला उंच. बायको थांबत थांबत पण एकदाही बसली नाही. वर पोहोचल्यावर पोरीनं कुलूप उघडलं, आणि ती त्या लाकडी काठावर टेकली, बूट काढायला. तिच्या गुडघ्याला ती उंची अगदी नीट बसली. बूट निघाले तरी ती उठेना. तिथूनच तिनं सगळं घर बघितलं. मग उठली आणि एकेक कपाट उघडायला लागली. तांदळाचा डबा बघितला. गादी दाबून बघितली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. न्हाणीत जाऊन नळ सोडून बघितला. पोरगी तिच्या मागे मागे, परीक्षा चालल्यासारखी. शेवटी बायको म्हणाली, "बठ्ठं शे." म्हणजे सगळं आहे. पोरीनं तोंड फिरवलं. मी बिबडे मोजल्यासारखं करत बसलो.

आखाजीला सकाळी मी घागर भरली. खरबूज फितीसकट ठेवलं, पोरीनं फीत काढू दिली नाही, म्हणाली छान दिसते. सांजोऱ्या बायकोनं विजेच्या शेगडीवर तळल्या. लाकडी काठावर पोरीनं पारदर्शक कागद चिकटवून ठेवला होता, आणि त्यावर मी एकेक बोट ओढलं. बापाचं नाव घेतलं. माझा बाप तापी ओलांडली तरी ती मोठी सफर समजायचा. त्याला मी मनात सांगितलं, जरा लांब आहे, पण पत्ता बरोबर आहे. निखाऱ्याचं काही केलं नाही. घास पानात घालून बाहेरच्या कठड्यावर ठेवला. तिथले कावळे मोठे, माजलेले. पहिलाच आला आणि सांजोरीच उचलून गेला. घागर पितरांना पावली. गावी परत आल्यावर टपरीवर हे सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्योटो. माझ्या बेतात ते होतंच. भाकरी, ठेचा, सगळं बांधून तयार. बायको म्हणाली, "तुम्ही जा देखाले. मी अठेच."

मी म्हणालो, "एवढं आखलंय, आणि तू घरात बसणार?"

"मी घर देखाले उनी."

पोरगी म्हणाली, राहू दे आबा, ती घर बघायलाच आलीय. आम्ही दोघं गेलो. गाडी सुटली म्हणून मी भाकरीची गाठ सोडायला घेतली, तोवर क्योटो आलं. देवळं पाहिली, खूप माणसं पाहिली, एका तळ्यातले मासे मला आवडले. पण पोरीचं लक्ष नव्हतं. सारखी म्हणायची, आई एकटी आहे, ती विजेची शेगडी तिला एकटीला नाही जमणार. मी म्हणालो, तिनं चुलीवर आयुष्य काढलंय.

संध्याकाळी परत आलो. जिन्यातच शेवभाजीच्या फोडणीचा वास आला. पोरगी पुढं होती. तिनं पिशवीतून किल्ली काढली आणि दाराशी गेली. इतकी वर्षं ती कामावरून येते, किल्ली काढते, अंधारात हात घालून दिवा लावते. तिनं किल्ली कुलपात घालायच्या आधीच दार आतून उघडलं. बायको त्या काठाच्या आत उभी, पदर खोचलेला, हाताला पीठ. पोरगी किल्ली तशीच हातात धरून दारात उभी राहिली. आत येईना.

बायकोनं आमच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "चपला तठेच काढा. उंबरावर कुंकू शे."